जगाच्या धान्यबाजारात भारत नेमके काय करतो?

वाशीच्या दाणा बाजारात तांदळाचा मोठा व्यवहार करणारा माणूस सुरुवातीलाच भाव विचारत नाही. गोणीत टोकदार, पोकळ लोखंडी नळी खुपसून मूठभर तांदूळ बाहेर काढला जातो, तो तळहातावर पसरून दाण्याची लांबी, रंग आणि तुकड्याचे प्रमाण पाहिले जाते, दोनचार दाणे दाताखाली धरून ओल किती आहे याचा अंदाज घेतला जातो आणि मगच बोलणी सुरू होतात. बासमतीचा अख्खा दाणा सर्वांत महाग, त्याखाली क्रमाने अधिक तुटलेले तिबार, मग दुबार, मग मोगरा आणि शेवटी कणी, अशी एकाच भातातून निघालेल्या मालाची उतरंड लागते. याच बाजारापासून सुमारे तासाभराच्या अंतरावर, उरण तालुक्यात, १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर आहे आणि तेथून बासमतीचे कंटेनर आखाती देशांकडे रवाना होतात. ठाणे-नवी मुंबईच्या घराघरांत शिजणारा तांदूळ आणि परदेशी जाणारा तांदूळ हे दोन्ही प्रवाह असे एकमेकांच्या इतके जवळून वाहतात, की निर्यात वाढली म्हणजे आपले धान्य महागणार आणि निर्यात थांबली म्हणजे स्वस्त होणार, असा सरळ हिशेब येथे अनेकजण मांडतात. तो हिशेब पूर्ण चुकीचा नाही, पण फारच अपुरा आहे.

आधी जगाची गरज कोठून वाढते ते पाहू. जगाची लोकसंख्या नोव्हेंबर २०२२ मध्ये ८०० कोटींवर गेली आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०५० पर्यंत ती ९७० कोटींच्या घरात असेल. मात्र केवळ खाणारी तोंडे वाढल्याने मागणी वाढते असे नाही. जगात दरवर्षी सुमारे २८० कोटी टन तृणधान्य पिकते आणि त्यातले जेमतेम चाळीस-बेचाळीस टक्केच माणूस थेट खातो. एक तृतीयांशाहून अधिक धान्य जनावरे, डुकरे आणि कोंबड्या यांच्या खाद्यात जाते. उरलेले स्टार्च, मद्य, इथेनॉल, बियाणे आणि नासाडी यांत संपते. कोंबडीच्या एक किलो वजनवाढीसाठी पावणेदोन किलोच्या आसपास खाद्य लागते आणि त्या खाद्याचा मोठा भाग मका असतो. म्हणजे एखाद्या देशात लोकांची मिळकत वाढून आठवड्यातून एकदा होणारी कोंबडी तीनदा होऊ लागली, की भाकरी-भात तेवढाच राहूनही धान्याची मागणी वाढते. दुसरीकडे पश्चिम आफ्रिकेतील वेगाने वाढणाऱ्या शहरांत ज्वारी, बाजरी आणि कंदमुळे कमी होऊन त्यांची जागा तांदूळ व गव्हाचा पाव घेत आहेत, कारण ते लवकर शिजतात किंवा तयारच मिळतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१७ मध्ये केलेल्या अंदाजानुसार २०५० साली जगाला २०१२ च्या तुलनेत सुमारे निम्म्याने अधिक कृषी उत्पादन लागेल.

एवढे धान्य पिकवणे हा प्रश्नाचा एक भाग झाला. ज्याच्याकडे पिकत नाही त्याच्यापर्यंत ते पोहोचणे हा दुसरा भाग, आणि येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. जगात पिकणारे बहुतेक धान्य ज्या देशात पिकते त्याच देशात संपते. गव्हाचे जागतिक उत्पादन ८० कोटी टनांच्या जवळपास आहे आणि त्यातील साधारण चौथा हिस्सा देशांच्या सीमा ओलांडतो. तांदळाचे उत्पादन ५० कोटी टनांहून अधिक असले, तरी जागतिक व्यापारात येतो तो सुमारे साडेपाच कोटी टन, म्हणजे दहापैकी एक पोते. एखाद्या सोसायटीत शंभरपैकी नव्वद घरे स्वतः स्वयंपाक करतात आणि दहा घरे कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रावर अवलंबून असतात असे समजा. ज्या दिवशी त्या नव्वदांतल्या पाच घरांच्या स्वयंपाकीण बाई येत नाहीत आणि तीही केंद्रावर येऊन उभी राहतात, त्या दिवशी रोजच्या दहा घरांना पोळ्या कमी पडतात. तांदळाचा जागतिक बाजार असा अरुंद आहे. मोठ्या देशात पाचसात टक्क्यांची तूट आली, तरी लहान आयातदार देशांच्या ताटावर तिचा परिणाम होतो.

या अरुंद बाजारात भारताचा वाटा सुमारे चाळीस टक्के आहे. २०२२ मध्ये भारताने सव्वादोन कोटी टनांच्या आसपास तांदूळ बाहेर पाठवला आणि हे प्रमाण थायलंड, व्हिएतनाम, पाकिस्तान व अमेरिका या पुढच्या चार निर्यातदारांच्या एकत्रित निर्यातीपेक्षा जास्त होते. निर्यात म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लांबसडक बासमती येतो, पण वजनाने पाहिले तर तो एकूण निर्यातीचा साधारण चौथा हिस्सा किंवा त्याहूनही कमी भरतो. पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात पिकणारा हा तांदूळ सौदी अरेबिया, इराण, इराक, संयुक्त अरब अमिराती येथे जातो आणि तो घेणारे ग्राहक भाव थोडा वाढला तरी उपाशी राहत नाहीत. बाकीचा मोठा हिस्सा साधा पांढरा तांदूळ, उकडा तांदूळ आणि कणी यांचा असतो. त्यातला बराच माल आंध्र प्रदेशातील काकीनाडासारख्या बंदरांतून, कंटेनरऐवजी जहाजाच्या पोटात थेट गोण्या रचून, पश्चिम आफ्रिकेकडे निघतो. बेनिन, कोत दिव्वार, सेनेगल, टोगो हे त्याचे ग्राहक आहेत. आपल्याकडे कणी म्हणजे घावन, पेज किंवा कोंबड्यांचा दाणा. सेनेगलमध्ये मात्र मासळी घालून केल्या जाणाऱ्या राष्ट्रीय पदार्थाला मुद्दाम कणीच लागते, अख्खा तांदूळ तिथे चालत नाही. जगाची भूक भागवण्याबद्दल बोलताना न्हावा-शेव्याच्या बासमतीपेक्षा काकीनाड्याच्या या गोण्यांचा विचार अधिक करायला हवा, असे मला वाटते.

निर्यातीच्या आकड्यांत न दिसणारा एक हातभार आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा आहे: भारत जगाच्या बाजारातून धान्य उचलत नाही. भारतात वर्षाला ११ कोटी टनांच्या आसपास गहू आणि त्याहून थोडा अधिक तांदूळ खपतो. यातला फक्त दहावा भाग परदेशातून आणायची वेळ आली, तर तांदळाच्या बाबतीत जागतिक व्यापाराचा एक पंचमांश भाग एकट्या भारताला लागेल. ही काल्पनिक भीती नाही. १९६५ आणि १९६६ या लागोपाठच्या दुष्काळी वर्षांत भारताला अमेरिकेच्या पीएल-४८० या अन्नमदत योजनेखाली मिळणाऱ्या गव्हावर विसंबावे लागले आणि १९६६ मध्ये धान्याची आयात एक कोटी टनांवर गेली होती. त्याआधी, १९६५ मध्ये, पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी लोकांना आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले होते. महाराष्ट्रातील वडीलधाऱ्यांना १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली अमेरिकेची तांबडी ‘मिलो’ ज्वारी अजून आठवते, आणि तिच्या भाकरीबद्दल कोणी चांगले बोलल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा ज्या देशाला जहाजांची वाट पाहावी लागत होती, त्या देशाचे अन्नधान्य उत्पादन २०२४-२५ मध्ये ३५ कोटी टनांवर गेले. १४० कोटी लोकांचा देश रांगेतून बाहेर पडला, म्हणून रांगेतल्या इतरांना धान्य परवडते.

रांगेतून बाहेर राहण्याची व्यवस्था कशी चालते, हे आता थोडक्यात. केंद्र सरकार हमीभाव जाहीर करते, १९६५ साली स्थापन झालेले भारतीय अन्न महामंडळ आणि राज्यांच्या यंत्रणा मुख्यतः गहू व भात त्या भावाने खरेदी करतात, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली सुमारे ८१ कोटी लोकांना माणशी दरमहा पाच किलो धान्य स्वस्त धान्य दुकानांतून दिले जाते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. निर्यात मात्र खासगी व्यापारी करतात आणि तो माल खुल्या बाजारातून येतो. सरकारी गोदामातले अनुदानित धान्य परदेशात विकणे जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत वादाचे ठरते, कारण तसे केल्यास इतर देशांच्या शेतकऱ्यांचा भाव पडतो, असा आक्षेप घेतला जातो. त्यामुळे गोदामे ओसंडून वाहत असली तरी तो साठा सहज बाहेर पाठवता येत नाही. याउलट गोदामे रिकामी होऊ लागली, की सरकारच्या हातात सर्वांत जवळचा उपाय असतो तो खासगी निर्यातीवर बंधन घालण्याचा.

हे प्रत्यक्षात कसे घडते याचा धडा २०२२ ते २०२४ या काळाने दिला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. जगाच्या गहू निर्यातीत या दोन देशांचा मिळून एक चतुर्थांशाहून अधिक वाटा असल्याने काळ्या समुद्रातील बंदरे बंद होताच गव्हाचे भाव भडकले. भारतीय व्यापाऱ्यांना ही संधी वाटली. २०२१-२२ मध्ये भारताने सत्तर लाख टनांहून अधिक गहू निर्यात केला होता, आणि जागतिक व्यापार संघटनेने परवानगी दिल्यास भारत जगाला धान्य पुरवू शकेल, असे पंतप्रधान नरेंद्र मोदी एप्रिल २०२२ मध्ये म्हणाले होते. पण त्याच वर्षीचा मार्च महिना १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. गव्हाचा दाणा भरण्याच्या दिवसांत उष्णता वाढली, की दाणा चिकात असतानाच आकसतो. ओंब्या पिवळ्या दिसतात, पण मळणीनंतर पोत्याचे वजन भरत नाही. उत्पादन घटले, खासगी व्यापाऱ्यांनी हमीभावापेक्षा जास्त दर दिल्यामुळे शेतकऱ्यांनी सरकारी केंद्रांकडे पाठ फिरवली, आणि आदल्या वर्षी ४३३ लाख टन असलेली सरकारी खरेदी १८८ लाख टनांवर आली. १३ मे २०२२ रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली.

तांदळाची पाळी त्यानंतर आली. सप्टेंबर २०२२ मध्ये कणीच्या निर्यातीवर बंदी आणि साध्या पांढऱ्या तांदळावर वीस टक्के निर्यातशुल्क लागले. पुढच्या वर्षी एल निनोची, म्हणजे पॅसिफिक महासागर तापून आपला पाऊस घटण्याची, चाहूल होती. १७ जुलै २०२३ रोजी युक्रेनचे धान्य काळ्या समुद्रातून सुरक्षितपणे बाहेर काढणारा करार मोडला आणि त्यानंतर तीनच दिवसांनी, २० जुलैला, भारताने बासमती वगळता इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. ऑगस्टमध्ये उकड्या तांदळावर वीस टक्के शुल्क आणि बासमतीला टनामागे १,२०० डॉलर किमान निर्यात मूल्य लावले गेले; ते ऑक्टोबरमध्ये ९५० डॉलरवर आले. तो ऑगस्ट भारतात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरल्याने सरकारची चिंता निराधार होती असे म्हणता येत नाही. मात्र अन्न व कृषी संघटनेचा तांदळाचा किंमत निर्देशांक त्याच महिन्यात एका झटक्यात जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढून पंधरा वर्षांतील उच्चांकावर गेला. अमेरिकेतील भारतीय दुकानांत लोक तांदळाच्या पिशव्या गाडीत भरतानाची दृश्ये आपल्याकडे चवीने पाहिली गेली, पण खरा फटका त्या गाड्यांना बसला नव्हता. तो सेनेगलमधील डाकार आणि बेनिनमधील कोटोनू येथील रोज किलोभर तांदूळ विकत घेणाऱ्यांना बसला. काही देशांना सरकारी पातळीवर ठरावीक कोटा देण्यात आला. २८ सप्टेंबर २०२४ रोजी बंदी उठली, महिनाभरात उरलेली बहुतेक बंधनेही काढली गेली, आणि मार्च २०२५ मध्ये कणीची वाट मोकळी झाली.

सरकारच्या जागी बसून पाहिले, तर बंदीचा मोह समजण्यासारखा आहे. देशात तांदूळ किलोमागे पाच रुपयांनी वाढला, तर त्याची झळ कोट्यवधी घरांना लगेच बसते. परदेशी ग्राहकाचे गाऱ्हाणे दिल्लीपर्यंत पोहोचायलाही वेळ लागतो. पण बंदीची किंमत कोण मोजतो, हेही पाहिले पाहिजे. पहिली किंमत शेतकरी मोजतो, कारण भाव चढू लागतात नेमके त्याच वेळी त्याच्या मालाला असलेली बाहेरची मागणी कापली जाते, आणि भाव पडतात तेव्हा अशा तत्परतेने त्याच्या मदतीला कोणी येत नाही. दुसरी किंमत गरीब आयातदार देश मोजतात. तिसरी किंमत लगेच दिसत नाही: एकदा फसवणूक झाल्याची भावना झालेला ग्राहक पुढच्या वर्षी आपल्याकडून घेतो, पण अर्धा माल थायलंड किंवा व्हिएतनामकडून घ्यायची सोय करून ठेवतो. २००७-०८ मध्येही भारताने बिगर-बासमती तांदूळ रोखला होता, २००८ मध्ये थायलंडच्या तांदळाचा भाव टनाला हजार डॉलरवर गेला होता, आणि आपली ती बंदी सप्टेंबर २०११ पर्यंत रेंगाळली. एका रात्रीत दार बंद करण्यापेक्षा साठा अमुक पातळीखाली गेला की शुल्क इतके वाढेल, असे कोष्टक हंगामापूर्वीच जाहीर केले, तर व्यापारी, शेतकरी आणि परदेशी खरेदीदार या तिघांनाही अंदाज बांधता येईल. जगाला भारताकडून दरवर्षी विक्रमी निर्यात हवी आहे असे नाही. ठरलेले जहाज ठरल्या वेळी निघेल याची खात्री अधिक हवी आहे.

आता पाण्याबद्दल, कारण तांदूळ बाहेर पाठवणे म्हणजे काही अंशी पाणी बाहेर पाठवणे आहे. निर्यातीचा कंटेनर भरतानाची तयारी पाहिली, तर आपण एका कोरड्या वस्तूची किती काळजी घेतो ते दिसते: आतल्या पत्र्याला जाड तपकिरी कागद लावला जातो, ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगल्या जातात, तांदळातील ओलावा साधारण चौदा टक्क्यांच्या आत असल्याची खात्री केली जाते, कीड मारण्यासाठी धुरी दिली जाते. या कंटेनरमध्ये सुमारे २५ टन तांदूळ मावतो. एक किलो तांदळाला सिंचनाच्या शेतीत तीन हजार लिटर पाणी लागते असे धरले (अनेक अंदाज याहून जास्त आहेत, आणि त्यातले काही पाणी जमिनीत परत मुरते हेही खरे), तर एका कंटेनरमागे साडेसात कोटी लिटर पाणी खर्च होते. नवी मुंबईला पाणी देणाऱ्या मोरबे धरणाची योजना दिवसाला ४५ कोटी लिटरची आहे. म्हणजे असे सहा कंटेनर निघाले, की शहराच्या एका दिवसाच्या पुरवठ्याइतके पाणी कोठेतरी शेतात वापरले गेलेले असते.

हे पाणी कोणत्या शेतातले आहे, यावर बरेच अवलंबून आहे. शहापूर, मुरबाड किंवा पालघर जिल्ह्यातील वाडा येथे भात मुख्यतः आभाळातून पडलेल्या पाण्यावर होतो आणि त्या पाण्याचा पावसाळ्यात दुसरा काही उपयोगही नसतो. पंजाबात मात्र भाताला जमिनीखालून उपसलेले पाणी लागते, शेतीपंपाची वीज मोफत आहे, हमीभावाची खरेदी पक्की आहे, त्यामुळे दुसरे पीक घेणे शेतकऱ्याला परवडत नाही. पावसाआधी भात लावून उपसा वाढू नये म्हणून तिथल्या सरकारला २००९ मध्ये कायदा करून लावणीची तारीख ठरवून द्यावी लागली. जगाची गरज भागवण्यासाठी याच पट्ट्यात आणखी भात लावणे परवडणारे नाही. पूर्वेकडे, जेथे पाऊस भरपूर आहे पण उत्पादकता कमी आहे, तेथे वाव अधिक दिसतो. भारतात भाताचे हेक्टरी उत्पादन सव्वाचार टनांच्या आसपास आहे, चीनमध्ये ते सात टनांच्या जवळ जाते. हे अंतर निम्म्याने कमी झाले, तरी नवी जमीन न घेता कित्येक कोटी टन भात वाढेल.

मक्याची गोष्ट याच्या अगदी उलट दिशेने चालली आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत भारत बांगलादेश, व्हिएतनाम, नेपाळ यांना मका विकत असे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण आले, ते उसापासून करायचे तर पाण्याचा प्रश्न होताच, म्हणून मक्यापासून इथेनॉल करण्यास प्रोत्साहन मिळाले. उत्पादन चार कोटी टनांच्या जवळपास जाऊनही २०२४ मध्ये देशाला म्यानमार, युक्रेन येथून मका आणावा लागला, आणि अंड्या-कोंबड्यांच्या व्यवसायाने खाद्य महागल्याची तक्रार केली. २०२५ मध्ये सरकारी गोदामांत भातासह तांदळाचा साठा सहा कोटी टनांच्या पुढे गेला होता. त्यातला ५२ लाख टन तांदूळ इथेनॉलसाठी क्विंटलला २,२५० रुपयांनी देऊ करण्यात आला, म्हणजे महामंडळाला किलोमागे चाळीस रुपयांच्या आसपास पडणारा तांदूळ साडेबावीस रुपयांत. त्याच्या दीड-दोन वर्षे आधी तुटवड्याच्या भीतीने निर्यात रोखणारा देश तांदूळ गाडीच्या टाकीत घालू लागला, यातली विसंगती समजायला अर्थतज्ज्ञ असण्याची गरज नाही.

पुढची निर्यातबंदी येणार की नाही याचा अंदाज वाशीतले जाणते व्यापारी मंत्र्यांच्या भाषणांवरून बांधत नाहीत. ते अन्न महामंडळाचा साठा पाहतात. १ एप्रिलला गोदामांत किमान ७४.६ लाख टन गहू आणि १३५.८ लाख टन तांदूळ असावा असा निकष आहे. १ एप्रिल २०२४ रोजी गहू या रेषेला टेकला होता, सोळा वर्षांतील नीचांक होता, आणि गव्हाची निर्यात उघडण्याचा विषय तेव्हा कोणी काढलाही नाही. तांदळाचा साठा निकषाच्या कितीतरी वर गेल्यावर त्याची दारे उघडली. त्यामुळे एप्रिलचा साठा, मार्चमधले तापमान आणि ऑगस्टमधला पाऊस हे तीन आकडे हाताशी असले, की लोकवन गहू आणि कोलम तांदूळ दिवाळीत काय भावाने मिळेल, आणि त्याच वेळी कोटोनूच्या बाजारात काय होईल, या दोन्ही प्रश्नांना बऱ्यापैकी उत्तर देता येते.